बोनेटवरचं सील

११ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे नेहमीचे, ते गृहीत धर. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राचं एक बरं असतं, मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण त्यासाठी आधी हातात घ्यावं लागतं.

बाबा ठीक आहेत. जिन्यावरून जरा घसरले होते, आता बरे आहेत.

काम असं आहे. गॅरेजमधली गाडी मला हलवायची आहे. तिथे बाबांसाठी खोली करायचा विचार आहे. फरशी सपाट आहे, नळ आहे, मोरी बांधता येईल, मागच्या भिंतीला खिडकी पाडता येईल. त्यांना आता जिना नको असं डॉक्टर म्हणतात. इतकी वर्षं वर झोपले, आता खाली झोपतील, एवढाच फरक.

गाडी तू गेलास त्या दिवशी जिथे उभी होती तिथेच आहे. चारही टायर बसलेत, त्यामुळे ती आता उभी आहे म्हणण्यापेक्षा बसली आहे म्हणावं लागेल. मागच्या सीटच्या स्प्रिंगा वर आल्यात. काळा रंग फक्त दरवाज्यांच्या आतल्या बाजूला उरलाय. आणि बोनेटला सील आहे. ते तुला माहीत नसेल. तू गेलास त्याच संध्याकाळी बाबांनी बोनेटच्या कड्यांमधून तार ओवली, तिची टोकं शिशाच्या गोळीत घातली आणि वजनमापांच्या कचेरीतून बाद झालेला तो जुना चिमटा दाबला. आयुष्यभर दुकानदारांच्या काट्यांना सील लावत फिरले, शेवटचं सील घरच्या गाडीला. त्यानंतर त्या गाडीला कुणी हात लावला नाही, आणि त्याला आता एक तप होऊन गेलं.

गाडीचं काय करू? बाबांना विचारलं तर ते भिंतीकडे बघतात. भिंतीने अजून काही सांगितलेलं नाही, म्हणून तुला विचारते.

तुझी ताई


३ डिसेंबर

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. 'गाडी भंगारात द्या. बाबांना नमस्कार.' कार्डावर एवढी मोकळी जागा सोडतात का रे कुणी?

बाबांना दुसरं वाक्य तेवढं वाचून दाखवलं. "एवढंच लिहिलंय?" म्हणाले. म्हटलं, "एवढंच." मग त्यांनी कार्ड मागून घेतलं. डोळ्यांना आता अक्षर लागत नाही, तरी उलटसुलट करून बघितलं आणि उशाखाली ठेवलं. म्हणजे तुझं 'भंगारात द्या' सध्या त्यांच्या उशाखाली आहे. राहू दे तिथेच.

मागच्या पत्रात मी 'जरा घसरले' असं लिहिलं होतं. खुब्याचं हाड मोडलंय. एक्स-रे मीच काढला. आमच्या विभागात त्या दुपारी माझीच पाळी होती. इतकी वर्षं लोकांची हाडं बघते आहे, कुणाचीही फिल्म हातात धरताना मला काही वाटत नाही, पण ही धरली आणि खुर्चीत बसून घेतलं. पलीकडून त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "काही विशेष नाही, बाबा." तर म्हणाले, "खोटं बोलायची सवय चांगली नाही." हाड मोडलेला माणूस मला शिस्त लावत होता.

ऑपरेशन झालं. आता ते बाहेरच्या खोलीत असतात, दाराच्या समोरच्या पलंगावर. येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांच्या पायांवरून नजर टाकूनच आत येतो. अंग पुसताना मी दोरीवर चादर टाकते. गळ्याचं बटण लावल्याशिवाय ज्यांनी कधी दार उघडलं नाही, ते आता चादरीआड डोळे मिटून पडून राहतात आणि मी हात लावला की "झालं का?" विचारतात. तेवढंच बोलतात. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. खोली का हवी ते कळावं म्हणून लिहिते.

आता मुख्य. मी त्यांना म्हटलं, गाडी काढून टाकू या. तर म्हणाले, "भंगारात नाही. ओढूनही न्यायची नाही. आली तेव्हा स्वतःच्या इंजिनावर आली, जाईल तर तशीच."

"मग चालू करून घेऊ."

"घे."

"त्यासाठी बोनेट उघडावं लागेल."

"सील तोडायचं नाही."

म्हणजे पोहायला शीक, पण पाण्यात उतरू नकोस. मी चिडले. म्हटलं, या हट्टापायी एक मुलगा गेला, आता मुलगीही जायला हवी का? तसं मी बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

ताई


२२ डिसेंबर

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, माझं लिहिणं चालू आहे. मला दुसरं कुणी नाही ज्याच्यापाशी बाबांच्या कागाळ्या करता येतील.

मिस्त्री मिळाला. रस्त्याच्या टोकाला जुनं गॅरेज आहे, त्याचा मालक. त्याला आम्ही 'उद्यावाले' म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'उद्या'ने सुरू होतं. उद्या येतो, उद्या बघतो, उद्या सामान आणतो. कधीतरी खरंच येतो, तेव्हा चहा घेतो आणि गाडीभोवती एक चक्कर मारून सुस्कारा टाकतो. पण एवढी जुनी गाडी बघून पळून न गेलेला हा एकच. पहिल्याच दिवशी बोनेटचं सील त्याने बघितलं आणि मला विचारलं, "ताई, आत काय पुरलंय?"

मी त्याला सांगितलं, बोनेट सोडून बाकी सगळं कर.

"बोनेट सोडून गाडीत असतं काय?"

"चाकं असतात. ब्रेक असतात. पेट्रोलची टाकी असते. आधी ते कर."

तो हसला, पण कामाला लागला. टायर काढताना दोन बोल्ट मोडले, आणि दोष गंजाला दिला. मी विचारलं, गंज काय आज लागलाय का? तर म्हणाला, "उद्या नवीन टाकतो." ब्रेक पार धरलेले होते. टाकीतून जे निघालं त्याला पेट्रोल म्हणवत नाही, जुन्या वार्निशसारखं चिकट, आणि वास असा की माझ्या केसांतून दोन दिवस गेला नाही. दवाखान्यात एका पेशंटने मला विचारलं, "बाई, तुम्ही पंपावर पण असता का?"

बाबा पलंगावरून सगळं ऐकतात. पान्याचा आवाज आला की मान वळते. परवा म्हणाले, "त्याला सांग, डावीकडच्या नटांचे आटे उलटे आहेत." मी सांगितलं. उद्यावाले म्हणाले, "ते मला ठाऊक आहे." त्यानंतर त्याने तो नट उलटा फिरवला, ते मी बघितलं.

तुला आठवतं ना, रात्री बाबा गाडीचा जीव काढून खिशात ठेवायचे ते? डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखालचा तो तपकिरी रोटर. तो काढला की प्लगला ठिणगीच जात नाही, चोराने कितीही डोकं आपटलं तरी गाडी लागायची नाही. सकाळी बसवायचे, रात्री काढायचे. आईने गोष्टीतल्या राक्षसावरून नाव ठेवलं होतं, त्याचा जीव पोपटात, हिचा जीव खिशात. आणि कुठली बाजू वर ते कळावं म्हणून तू आईच्या नेलपॉलिशने त्यावर लाल ठिपका दिला होतास. तेव्हा तुझे पुढचे दात पडलेले होते.

त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नव्हते. पण टाकी धुताना दुसरं काय डोक्यात येणार? तू बॅग घेऊन उभा, बाबा हँडल मारमारून घामाघूम, आणि गाडी एकदाही खोकली नाही. तू म्हणालास, "रोटर काढलात ना? मी जाऊ नये म्हणून तुम्हीच काढलात." आणि बाबा म्हणाले, "हो. मीच काढला." तू पायी निघालास, ट्रेन चुकली, उशिरा पोचलास म्हणून नोकरीची ठरलेली जागा दुसऱ्याला गेली. सगळं मला ठाऊक आहे. मीही तेव्हा तुझ्याच बाजूने होते. आजही असेन बहुतेक, पण आज मला खोली हवी आहे.

ताई


१२ जानेवारी

धाकट्या,

खालचं सगळं झालं. नवे टायर बसले, ब्रेक लागतात आणि सुटतातही. टाकी स्वच्छ. सीटवर मी जुना पडदा घातलाय. आता गाडी ढकलली तर जाते, आणि ती ढकलून अंगणात काढावी असं माझ्या मनात रोज येतं. बाबा झोपलेले असताना, उद्यावाल्याला धरून, पाच मिनिटांचं काम. पण ते झोपत नाहीत. आणि जाग आल्यावर गॅरेज रिकामं झाल्याचं कळलं तर ते मला काही बोलणार नाहीत, हेच मला नको आहे.

उद्यावाले आता रोज विचारतात, "ताई, बोनेट?" मी म्हणते, "उद्या." त्याला त्याचंच औषध.

मनात आलं होतं, बोनेटचा एक्स-रे काढता आला असता तर किती बरं. सील न तोडता आत रोटर आहे की नाही ते दिसलं असतं. नसणारच म्हणा. त्यांनीच काढला म्हणाले, आणि बाबा खोटं बोलत नाहीत. मापात गुंजभर फरक दिसला तर ओळखीच्या दुकानदाराचाही काटा जप्त करणारा माणूस. पण मग काढलेला रोटर ठेवला कुठे? त्यांचं कपाट आवरलं, कोटाचे खिसे बघितले, हत्यारांचा डबा उपसला. कुठेच नाही. टाकून दिला असेल.

आई शेवटची आजारी पडली तेव्हाचं तुला सांगितलं नव्हतं. तिला दवाखान्यात भाड्याच्या गाडीने नेलं. फाटकातून बाहेर पडताना तिने गॅरेजकडे बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, "यांनी पोराला अडवलं नाही गं, हाकललं." बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांना ऐकू गेलं असेल का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तू गेल्यापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. पानावर वाढायची आणि आत जायची.

थकले आहे रे. कशाने थकले ते विचारू नकोस, सगळ्यानेच. कामावर उभी असते, घरी वाकलेली असते.

ताई


२८ जानेवारी

धाकट्या,

हे पत्र झोपून लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

बाबांना खुर्चीत बसवताना माझ्या कमरेत उसण भरली. ते माझ्या खांद्यावर, मी अर्धी वाकलेली, आणि हलता येईना. तसेच दोघं पलंगाच्या कडेवर टेकलो. शेजारीण आली तोवर आम्ही दोघं एकमेकांना धरून बसलो होतो, पडणाऱ्या दोन भिंतींसारखे. ती म्हणाली, "अगं बाई, काय झालं?" बाबा म्हणाले, "काही विशेष नाही." माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मला हसू आलं आणि हसल्यावर कमरेतून अशी कळ गेली की रडूच आलं. मग रडतच राहिले. थांबता येईना. बाबांच्या समोर मी अशी कधी रडले नव्हते, आईच्या वेळीसुद्धा नाही.

चार दिवस आम्ही दोघं एकाच खोलीत आडवे. ते पलंगावर, मी जमिनीवर. शेजारीण दोघांना जेवायला देते.

आज सकाळी ते छताकडे बघत म्हणाले, "सील तोड."

मला वाटलं झोपेत बोलताहेत.

"सील तोड. खोली करून घे. पण एक. आत जे निघेल ते मला सांगू नकोस."

"काय निघणार आहे?"

"ते सांगू नकोस म्हटलं ना."

कमर बरी झाली की तोडते. तू येऊन तोडावंस असं वाटत होतं, का ते विचारू नकोस.

ताई


६ फेब्रुवारी

धाकट्या,

बस आणि वाच.

काल सील तोडलं. तार गंजली होती, पक्कड लावताच तुटली. शिशाची गोळी माझ्या तळहातावर आली, वर बाबांचा अर्धवट ठसा. बोनेट उचललं. आत उंदरांचं जुनं घरटं, पानं, धूळ, आणि उद्यावाल्यांच्या तोंडी देवाचं नाव. त्यांनी आधी हवेने सगळं साफ केलं. मग डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या क्लिपा काढल्या.

"ताई, रोटर नाही म्हणालात ना?"

"नाही."

"हा काय मग?"

रोटर जागेवर होता. जागेवर, नीट दाबून बसवलेला. वर तुझा लाल ठिपका. रंग जरा विटलाय, पण तोच.

उद्यावाले पुढे तपासत होते. शेवटी त्यांना दोष सापडला. कॉइलपासून येणारी एक वायर, कापडी वेष्टण वरून धड, आत तांबं तुटलेलं. त्यांनी ती वाकवून दाखवली. अशी धरली तर जोडली जाते, तशी सोडली तर नाही. म्हणाले, "बाहेरून कुणालाच दिसली नसती. सकाळी चालली असेल, दुपारी नसेल." अशी हाडं मी कितीतरी बघितलीत, वरून सूजसुद्धा नसते.

म्हणजे त्या दिवशी गाडी खरंच बिघडली होती. बाबांनी काहीच काढलं नव्हतं. तू त्यांना चोर म्हणालास, मी मनात म्हटलं, आई मरेपर्यंत म्हणत राहिली, आणि ते निर्दोष!

मी धावत आत गेले. कमर विसरले, त्यांनी काय बजावलं होतं तेही विसरले. म्हटलं, "बाबा, रोटर जागेवर होता! तुम्ही काढलाच नव्हता! वायर तुटली होती, नुसती वायर!"

मला वाटलं, त्यांचा चेहरा उजळेल. इतक्या वर्षांचा आळ गेला. पण तोंडावरचं रक्त उतरलं त्यांच्या. हात चादरीवर काहीतरी शोधायला लागले. "होता?" म्हणाले. "नक्की होता?" म्हटलं, "मी डोळ्यांनी बघितला, तुमच्या हाताने बसवलेला." मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. रात्री जेवले नाहीत. आज सकाळचा चहाही तसाच आहे.

काढला नव्हता, तर 'मीच काढला' का म्हणाले? खोटं न बोलणाऱ्या माणसाने तेवढं एकच खोटं का बोलावं? तुला काही सुचतंय का?

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

आता कळलं. लिहायला हात उचलवत नाही, पण तुझ्याशिवाय हे कुणाला सांगायचं?

काल रोटर धुऊन, पुसून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, डोळ्यांनी दिसत नाही तर हाताने बघा. त्यांनी अंगठा फिरवला. ठिपका जरा वर आलेला आहे, तो अंगठ्याला लागला. तिथे अंगठा बराच वेळ होता. मग ते बोलले. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"सकाळी मी रोटर बसवला. स्वतः. मग आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर तुझी आई गॅरेजमधून येत होती, हात पुसत. मी विचारलं, काय करत होतीस? म्हणाली, त्याच्यासाठी पाण्याची बाटली ठेवली."

"मग?"

"मग गाडी लागेना. हँडल मारतानाच माझ्या मनात आलं. आदल्या रात्री ती म्हणाली होती, काहीही करा पण त्याला जाऊ देऊ नका. मी म्हटलं होतं, जाणाऱ्याला अडवू नये. आणि तो म्हणाला, तुम्हीच काढलात. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली."

"ती रडत होती, बाबा."

"हो. ते आता कळतंय."

"म्हणून तुम्ही हो म्हणालात?"

"तिने काढला असं म्हटलं असतं तर तो तिच्याशी तोडून गेला असता. माझ्याशी तोडलं तर चालेल, म्हटलं. तिला पत्र तरी लिहील."

आणि तू लिहिलीस. दर महिन्याला, आई असेपर्यंत. ती पत्रं ती स्वयंपाकघरात उभी राहून वाचायची आणि बाबा बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचे. पान उलटायचे नाहीत.

मी विचारलं, "पण झाकण काढून एकदा बघायचं ना! दोन क्लिपा!" लोकांच्या शब्दावर ज्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, प्रत्येक वजन स्वतः काट्यावर ठेवून बघितलं, त्यांनी हे एक बघितलं नाही? तर म्हणाले,

"बघितलं असतं तर कळलं असतं. कळून काय करायचं होतं? रोज तिच्या हातचं जेवायचं होतं मला."

म्हणून सील. दुसरं कुणी उघडू नये, आणि स्वतःचाही हात जाऊ नये म्हणून. आपल्याला वाटत होतं, ताठा आहे.

तुला कळतंय ना काय झालं ते? तू बाबांवर संशय घेतलास. बाबांनी आईवर घेतला आणि तिला सांभाळून घेतलं. आईला वाटलं बाबांनी काढला, म्हणून ती त्यांना शेवटपर्यंत माफ करू शकली नाही. तिला वाचवायला ते खोटं बोलले आणि तिनेच ते खरं धरलं. आणि रोटर तिथेच होता. मला कुणाचा राग करावा तेच कळत नाही. राग करायला अंगात जोर हवा, तो नाही. मी त्यांच्या पलंगाला टेकून खाली बसले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, रोटर धरलेलाच हात. केसांना ग्रीस लागलं.

"तिला विचारायला हवं होतं," म्हणाले. "एकदा विचारलं असतं तर ती भांडली असती. भांडण तरी झालं असतं."

ताई


१ मार्च

धाकट्या,

गाडी चालू झाली.

उद्यावाल्यांनी नवी वायर टाकली, सिलिंडरमध्ये तेल सोडून दोन दिवस मुरवलं, कार्बोरेटर उकळून काढला. परवा दुपारी हँडल मारलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग ती खोकली, धुराचा एक काळा लोट सोडला, आणि लागली. आवाज तोच, धाप लागलेल्या माणसाचा, पण बंद पडली नाही. बाबांना खुर्चीसकट अंगणात आणलं होतं. ते डोळे मिटून ऐकत होते. उद्यावाल्यांनी ओरडून विचारलं, "कसं काय साहेब?" तर म्हणाले, "टायमिंग जरा मागे आहे." आणि हसले. मी त्यांना हसताना किती दिवसांनी बघितलं ते मला आठवत नाही.

गाडी बाहेर काढली मीच. गेअरने आधी माझं ऐकलं नाही, मग ऐकलं तेव्हा फाटकाच्या खांबाला मडगार्ड घासलं. बाबा मागून ओरडत होते, "क्लच! अगं क्लच!" अंगणात आता ती स्वतःच्या इंजिनावर आलेली उभी आहे, त्यांनी म्हटलं होतं तशी. गॅरेजमध्ये गवंडी आलेत. मागच्या भिंतीत खिडकीचं भोक पडलंय आणि आत पहिल्यांदा उजेड आलाय. तेलाचे डाग काही फरशीवरून जाणार नाहीत. बाबा म्हणतात, राहू दे.

पाकिटात काहीतरी टणक लागेल, ती शिशाची गोळी आहे. बाबांनी पाठवायला सांगितली. तोडलेलं सील तक्रारदाराला दाखवावं लागतं असा नियम आहे म्हणे. खालचा मजकूरही त्यांनी सांगितला तसा लिहिते, सही मात्र त्यांचीच. डोळ्यांनी दिसत नाही, तरी पदासकट पूर्ण केली.

'रोटर जागेवर होता. मी काढला नव्हता. काढला असे मी म्हणालो, ते खोटे होते. त्या दिवशी गाडी आपोआप बिघडली. यात कोणाचाही दोष नाही.'

मी विचारलं, "पुढे 'ये' म्हणून लिहू का?"

म्हणाले, "ते तू लिही. मला तो अधिकार नाही."

म्हणून मी लिहिते. ये. त्यांची प्रकृती आता फार सुधारायची नाही, ते मी एक्स-रे बघून सांगते आहे, 'काही विशेष नाही' म्हणत नाही आहे. आणि माझ्यासाठीही ये. मी थकले आहे. दोन रात्री मला सलग झोपायचं आहे आणि तेवढ्या दोन रात्री त्यांना कूस बदलून द्यायला घरात कुणीतरी हवं आहे. बाकीचं बोलायचं की नाही ते तुम्ही दोघं बघा.

गाडीचा जीव आता रात्री मी काढते आणि सकाळी मीच बसवते. बसवला की बाबा विचारतात, "बसवलास? बघितलास?" मी झाकण पुन्हा उघडून बघते आणि मग हो म्हणते.

कोणत्या ट्रेनने येतोस ते कळव. स्टेशनवर मी गाडी घेऊन येते. ती आता चालते.

ताई